नऊ वर्षं, सहा शपथा

राष्ट्राशी एकनिष्ठ राहीन, स्वातंत्र्य आणि समता टिकवीन, नाहीतर त्यांचं रक्षण करता करता मरेन. १४ ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या विधिमंडळानं मंजूर केलेली शपथ एवढीच होती. चार दिवस आधी राजवाड्यावर हल्ला होऊन फ्रान्सची राजसत्ता कोसळली होती. धर्मगुरूंना सरकारी निवृत्तिवेतन हवं असेल, तर ही शपथ घेणं भाग होतं. घेतली नाही तर पैसा तर जाणारच, शिवाय राष्ट्राचा शत्रू म्हणून नाव नोंदलं जाणार. कॅथलिक धर्मगुरूनं ती घ्यावी का? रोमला पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती. म्हणून पॅरिसमधले धर्मगुरू झाक-आंद्रे एमरी यांच्याकडे विचारायला येत होते.

एमरी तेव्हा साठीला आले होते. जन्म १७३२ चा, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या जेक्स या गावचा. सँ-सुल्पीस या संस्थेत ते घडले. धर्मगुरू घडवणं हे या संस्थेचं एकमेव काम होतं. त्यांनी ऑर्लेआँच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, श्रद्धातत्त्वं शिकवली, लियाँला नीतिशास्त्र शिकवलं, १७६४ मध्ये वालाँस विद्यापीठातून ईशज्ञानाची डॉक्टरेट मिळवली आणि १७८२ मध्ये संस्थेचे प्रमुख झाले. मधल्या काळात लायबनिट्झच्या लेखनातून धर्मविषयक विचार वेचून त्यांनी एक ग्रंथ काढला, आणि पुढे क्रांती ओसरत असताना बेकनवरही तसाच एक. नव्या विज्ञानाच्या प्रणेत्यांना श्रद्धा सोडावी लागली नव्हती, हे त्यांना त्या प्रणेत्यांच्याच शब्दांत दाखवायचं होतं. समोरच्याचे शब्द नीट वाचायचे आणि त्यात जेवढं आहे तेवढंच मानायचं, ही त्यांची सवय इथपासूनची आहे. क्रांतीत तीच त्यांच्या कामी आली.

१७९२ ची शपथ कळण्यासाठी मात्र तिच्या आधीची शपथ माहीत हवी. सगळं बिघडलं ते तिच्यापासून.

२ नोव्हेंबर १७८९ ला राष्ट्रीय सभेनं चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली. मालमत्ता गेली म्हणजे धर्मगुरूंचं पोट सरकारनं भरायचं. ज्याचा पगार घ्यायचा त्याची व्यवस्था मानायची, या न्यायानं १२ जुलै १७९० ला धर्मगुरूंची नागरी घटना संमत झाली. सुमारे १३५ धर्मप्रांत होते, त्यांचे ८३ झाले, नव्या प्रशासकीय विभागामागे एक. बिशपांना आणि धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) प्रमुखांना मतदार निवडणार. मतदार कॅथलिक असलाच पाहिजे अशी अट नव्हती, त्यामुळे प्रोटेस्टंट माणूसही कॅथलिक बिशपला मत देऊ शकत होता. निवडून आलेल्या बिशपनं पोपची मान्यता मागायची नाही, ऐक्याची खूण म्हणून फक्त पत्र लिहून कळवायचं. पगारही ठरले: पॅरिसच्या बिशपला वर्षाला ५०,००० लिव्र, मोठ्या शहरांत २०,०००, बाकीच्यांना १२,०००. खेड्यातल्या गरीब धर्मगुरूच्या हाती किमान १,२०० लिव्र पडणार होते, आणि आधीच्या काळात अनेकांना एवढेही मिळत नव्हते. ही बाब बाजूला टाकता येत नाही. गावोगावच्या धर्मगुरूंनी क्रांतीचं स्वागत केलं, त्याला सबळ कारणं होती.

बदल हवे होते हे एमरीही जाणत होते. धर्मप्रांतांच्या सीमा बदलता येतात, पगाराची रीत बदलता येते. परंतु बिशपला अधिकार कुठून मिळतो, हा प्रश्न सीमा आणि पगार यांच्या पलीकडचा आहे. कॅथलिक शिकवणुकीत तो अधिकार प्रेषितांच्या परंपरेतून, पोपशी असलेल्या ऐक्यातून येतो. एखाद्या सभेनं तो मतपेटीतून द्यायचं ठरवलं, तर जे द्यायला निघाली ते तिच्याजवळ मुळातच नाही. सभेतल्या कायदेपंडितांना हा भेद कळलाच नाही, किंवा कळूनही महत्त्वाचा वाटला नाही. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांच्या रक्तपाताचं एक मोठं कारण इथे आहे.

२७ नोव्हेंबर १७९० ला सभेनं शपथेचा ठराव केला. बिशप, धर्मग्रामांचे प्रमुख, त्यांचे साहाय्यक, सेमिनरीतले अध्यापक या सर्वांनी रविवारच्या मिस्सेनंतर लोकांसमोर उभं राहून म्हणायचं: सोपवलेल्या श्रद्धावंतांची काळजी घेईन, राष्ट्र, कायदा आणि राजा यांच्याशी निष्ठा राखीन, आणि राष्ट्रीय सभेनं केलेली व राजानं मान्य केलेली राज्यघटना सर्व शक्तीनिशी टिकवीन. वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण राज्यघटना म्हटलं की तिच्यात नागरी घटनाही आली. अनेकांनी मधला मार्ग काढून पाहिला. क्लेरमाँचे बिशप बोनाल शपथ घ्यायला तयार होते, फक्त आध्यात्मिक बाबी वगळून. सभेनं ते नाकारलं. शपथ जशी आहे तशी घ्यायची, शब्द घालायचा नाही, गाळायचा नाही. ४ जानेवारी १७९१ ला सभागृहातल्या धर्मगुरूंना एकेक करून पुकारलं गेलं आणि बहुतेक बिशपांनी नकार दिला. साऱ्या फ्रान्समध्ये सात बिशप शपथेला तयार झाले. त्यांतले एक तालेराँ, स्वतः सँ-सुल्पीसच्या सेमिनरीत शिकलेले. २४ फेब्रुवारी १७९१ ला नव्या व्यवस्थेतल्या पहिल्या दोन बिशपांना त्यांनीच दीक्षा दिली.

धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंपैकी निम्म्यांहून थोड्या अधिकांनी शपथ घेतली. पश्चिमेकडच्या भागात नकार जास्त, पॅरिसच्या आसपास होकार जास्त. रोम आठ महिने गप्प राहिलं. पोप सहावे पायस यांचं पत्र निघालं १० मार्च १७९१ ला, तोवर शपथविधी उरकले होते. धर्मगुरूनं जानेवारीत ठरवायचं आणि चूक की बरोबर ते मार्चनंतर कळायचं. पत्र आल्यावर बऱ्याच जणांनी शपथ मागे घेतली, अन् गावागावांत एकाच चर्चवर दोन धर्मगुरू हक्क सांगू लागले. विवाह कुणासमोर लावायचा, मुलाचा बाप्तिस्मा कुणाकडून करून घ्यायचा, मरणाऱ्याच्या उशाशी कुणाला बोलवायचं, हे प्रश्न घराघरांत शिरले.

एमरी यांनी ही पहिली शपथ नाकारली. पुढच्या काळात ते नमतं घेणारे म्हणून ओळखले गेले, पण त्यांची सुरुवात सरळ नकारानं झाली, हे विसरून चालत नाही. सेमिनरी मोडणार हे त्यांनी ओळखलं होतं आणि तयारीही केली. बाल्टिमोरचे बिशप जॉन कॅरल यांना नव्या देशासाठी धर्मगुरू हवे होते. एमरी यांनी फ्राँस्वा-शार्ल नागो यांच्याबरोबर आणखी तीन धर्मगुरू आणि पाच विद्यार्थी पाठवले. एप्रिल १७९१ मध्ये सँ-मालोहून निघालेलं जहाज १० जुलैला बाल्टिमोरला पोहोचलं. एका जुन्या खानावळीच्या इमारतीत अमेरिकेतली पहिली कॅथलिक सेमिनरी सुरू झाली. स्वतः एमरी मात्र पॅरिसमध्येच राहिले.

आता १७९२ ची शपथ. नीतिशास्त्राच्या अध्यापकाकडे अशा प्रसंगी एक जुनी कसोटी असते. यिर्मयाच्या ग्रंथातल्या वचनावरून परंपरेनं शपथेला तीन अटी घातल्या आहेत: सत्य, विवेक आणि न्याय. ज्याची शपथ घेतो ते खरं असावं, गरजेशिवाय ती घेऊ नये, आणि जे करीन म्हणतो ते करणं पाप नसावं. एक तरी अट सुटली तर शपथ घेता येत नाही. तिन्ही पाळल्या जात असतील, तर शपथ मागणारा दुष्ट आहे एवढ्यावरून ती पाप ठरत नाही. मग शब्दांकडे वळायचं. त्यांचा रूढ अर्थ काय, कायदा करणाऱ्याला काय अभिप्रेत आहे, ऐकणारे त्यातून काय समजतील. स्वातंत्र्य म्हणजे धर्मापासून सुटका, समता म्हणजे चर्चमधली अधिकारश्रेणी मोडणं, असा अर्थ असेल तर नकार. स्वातंत्र्य म्हणजे जुलमी सत्तेपासून मुक्ती, समता म्हणजे कायद्यापुढे सगळे सारखे आणि कराचा बोजा सगळ्यांवर, असा असेल तर त्यात श्रद्धेच्या विरुद्ध काहीच नाही.

एमरी यांनी अर्थाचा अंदाज बांधला नाही. ठरावामागे असलेल्या जाँसोने या प्रतिनिधीकडून त्यांनी खुलासा घेतला. शपथ राजकीय आहे, धर्माशी तिचा संबंध नाही, असं उत्तर आलं. या शपथेत नागरी घटनेचा उल्लेखच नव्हता, हेही त्यांच्या ध्यानात होतं. त्यांनी शपथ घेतली, आणि विचारायला येणाऱ्यांना सांगितलं की ती घेता येते.

त्यावरून वादळ उठलं. रोममध्ये असलेले आबे मोरी या शपथेच्या विरोधात होते. परदेशात गेलेल्या बिशपांपैकी अनेकांना राजा आणि श्रद्धा या दोन गोष्टी वेगळ्या करणंच मान्य नव्हतं. राजाच्या शत्रूला शब्द देणं म्हणजे देवाच्या शत्रूला शब्द देणं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. रोमनं या शपथेचा औपचारिक निषेध कधीच केला नाही. संशय असेल त्यानं आपल्या सदसद्विवेकाला विचारावं, एवढ्यावर प्रकरण राहिलं.

शपथ घेतली म्हणून सुरक्षित राहता आलं, असंही नाही. २६ ऑगस्टला कायदा झाला की पहिली शपथ नाकारणाऱ्यांनी पंधरा दिवसांत देश सोडावा. २ सप्टेंबरला पॅरिसच्या तुरुंगांत कत्तल सुरू झाली. सँ-सुल्पीसपासून पायी काही मिनिटांवर असलेल्या कार्म मठात कोंडलेल्यांपैकी शंभरावर माणसं त्या दुपारी मारली गेली. त्यांत एमरी यांच्या संस्थेतले सहकारी होते.

पुढच्या वर्षी एमरी यांना अटक झाली. आधी थोडे दिवस, मग लांबलचक. सोळा महिने ते कैदेत होते, त्यातला बराच काळ पॅरिसच्या कोंसियेर्जरी तुरुंगात. क्रांती-न्यायालय तिथेच वरच्या दालनात बसायचं आणि दंडितांच्या गाड्या त्याच आवारातून सुटायच्या. रोज कुणाला वर नेलं जाईल ते सांगता येत नसे. ईशज्ञानाच्या प्राध्यापकाला इथे शिकवण्याजोगं एकच उरलं होतं: मरणाची तयारी. पापनिवेदन ऐकायचं, क्षमा द्यायची, हातात असलेल्या थोड्या वेळात माणसाला स्थिर करायचं. सरकारी वकील फूकिए-तँव्हिलनं त्यांना मुद्दाम मागे ठेवलं, कारण हा छोटासा धर्मगुरू असला की इतर कैदी आरडाओरडा करत नाहीत, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्यांनी तिथे काय केलं याची कल्पना तिच्यावरून येते.

पहिली शपथ घेऊन बिशप झालेले लोकही याच कोठड्यांत येऊन पडले. लियाँचे लामूरेत त्यांतले एक. चर्चच्या दृष्टीनं ते फुटीर बिशप होते, आणि फुटीर बिशपला पुन्हा ऐक्यात घेण्याची रीत ठरलेली आहे. मनातला पश्चात्ताप पुरत नाही. शपथ जाहीर होती, म्हणून माघारही लेखी आणि स्वाक्षरीनिशी हवी. एमरी त्यांच्याशी बोलत राहिले. जानेवारी १७९४ मध्ये लामूरेत यांनी माघारीच्या कागदावर सही केली आणि ११ तारखेला ते गिलोटिनवर गेले. मरणाच्या दारातल्या माणसाकडून कागदावर सही मागणं आज कठोर वाटेल. मला ते तसं वाटत नाही. ज्या लोकांना त्या बिशपनं संस्कार दिले होते, त्यांचाही त्या कागदावर हक्क होता. शपथेचा अर्थ सांगणारे जाँसोने तोवर जिवंत नव्हते. जिरोंदँ या क्रांतिकारकांच्याच एका गटाच्या इतर नेत्यांबरोबर ३१ ऑक्टोबर १७९३ लाच त्यांचा शिरच्छेद झाला होता.

१७९४ मध्ये दहशतीच्या राजवटीचा नेता रोबेस्पिएर पडला आणि त्या शरद ऋतूत एमरी सुटले. शपथांचा सिलसिला मात्र थांबला नाही. ३० मे १७९५ च्या कायद्यानं चर्च पुन्हा वापरायला दिली, अट एवढीच की धर्मगुरूनं प्रजासत्ताकाच्या कायद्यांना अधीन राहण्याचं लिहून द्यावं. चार महिन्यांनी, २८ सप्टेंबरला, शब्द वाढले: फ्रेंच नागरिकांचा समुदाय सार्वभौम आहे हे मी मान्य करतो आणि कायद्यांचं पालन करण्याचं वचन देतो. परागंदा आर्चबिशप ज्युईन्ये यांच्या वतीनं पॅरिसचा कारभार पाहणाऱ्यांत एमरी होते, त्यामुळे उत्तर त्यांनाच द्यावं लागे. अधीन राहणं म्हणजे पसंती देणं नव्हे, हे त्यांचं सूत्र. पहिल्या शतकातले ख्रिस्ती रोमन सम्राटांचे कायदे पाळत होते, त्यातला प्रत्येक कायदा त्यांना पटत होता म्हणून नव्हे. कायदा पाप करायला सांगेल तिथे पाळायचा नाही, बाकी ठिकाणी पाळायचा.

त्यांचा हिशेब साधा होता. सगळ्याच चांगल्या धर्मगुरूंनी नकार दिला तर चर्च फुटीरांच्या ताब्यात जाईल किंवा बंद राहील. खेड्यातली माणसं संस्कारांशिवाय जन्मतील आणि मरतील, आणि वीस वर्षांनी धर्मगुरू परतले तर ऐकायला कुणी उरणार नाही. लंडन-रोममध्ये बसून दिलेल्या सल्ल्यात ही माणसं दिसत नव्हती.

त्याच दिवसांत पॅरिसमध्ये आपल्याकडचा एक धर्मगुरू होता: कांदोळीचा जोझे कुस्तोदियो फारिया, ज्याचा पुतळा पणजीत आहे. त्यानंही रोममध्ये ईशज्ञानाची डॉक्टरेट घेतली होती. ५ ऑक्टोबर १७९५ ला, म्हणजे ही सार्वभौमत्वाची घोषणा मागितल्यानंतर आठवड्याभरात, राजनिष्ठ बंडखोर रस्त्यावर उतरले आणि नेपोलियन बोनापार्ट नावाच्या तरुण सेनानीनं तोफा लावून त्यांना पांगवलं. फारिया त्या बंडखोरांत असल्याचं त्याच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. एकाच शहरात, एकाच विद्येत पारंगत दोन धर्मगुरू, आणि दोघांनी काढलेली उत्तरं इतकी वेगळी.

५ सप्टेंबर १७९७ ची शपथ सगळ्यांत अवघड होती, कारण तिनं राजेशाहीचा आणि अराजकाचा द्वेष करण्याची शपथ मागितली. आधीच्या शपथा वागणुकीवर बोट ठेवत होत्या. ही मनातल्या भावनेवर ठेवत होती. राजेशाही ही एक राज्यपद्धती आहे, तिचा द्वेष करणं कॅथलिकाला बंधनकारक कसं असेल? सत्याच्या अटीवरच ती अडते. शेकडो धर्मगुरूंना हद्दपारीची शिक्षा झाली. काहींना दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला नेलं, तिथल्या तापानं कित्येक मेले. मग बोनापार्टच्या हाती सत्ता आली आणि २८ डिसेंबर १७९९ ला शपथ आटली ती इतकी: मी राज्यघटनेशी निष्ठा राखण्याचं वचन देतो. विरोध न करणं एवढाच तिचा अर्थ, असा खुलासा सरकारी वृत्तपत्रातून झाला. एमरी यांनी ती घ्यायला हरकत नाही असं सांगितलं, आणि जुने टीकाकार पुन्हा तुटून पडले.

पोप आणि बोनापार्ट यांच्यातल्या १८०१ च्या करारानंतर एमरी यांना आरासचं बिशपपद देऊ केलं गेलं. त्यांनी ते घेतलं नाही, सेमिनरी पुन्हा उभारायला बसले. धर्मगुरू इतके कमी उरले होते की बाल्टिमोरचे आपले लोक परत बोलवावेत असं त्यांना वाटू लागलं, काहींना बोलावलंही. पोप सातवे पायस नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी पॅरिसला आले तेव्हा एमरी यांनी त्यांना विचारलं. ती सेमिनरी राहू द्या, असं पोपनी सांगितलं. ती आजही चालू आहे.

मग १८०९. ६ जुलैला नेपोलियनच्या माणसांनी पोपना रोममधून उचललं आणि सावोनाला नेऊन ठेवलं. पोपनी नव्या बिशपांना मान्यता देणं थांबवलं, एकामागून एक धर्मप्रांत रिकामे पडू लागले. पोपला वगळून बिशप नेमता येतील का, हे ठरवायला सम्राटानं एक समिती केली. एमरी तिच्यात होते आणि तिच्या उत्तरांवर त्यांनी सही केली नाही. १७९० चाच प्रश्न परत आला होता, या वेळी सभेऐवजी सम्राटाकडून. १८१० मध्ये त्यांना स्वतःच्या सेमिनरीतून बाहेर काढण्यात आलं.

मार्च १८११ मध्ये त्यांना राजवाड्यात बोलावणं आलं. वय ७८. कार्डिनल, बिशप, मंत्री जमलेले. पोपच्या अधिकाराबद्दल काय मत, असं नेपोलियननं सगळ्यांदेखत विचारलं. एमरी म्हणाले की आपल्याच आज्ञेनं सगळ्या चर्चमध्ये शिकवल्या जाणाऱ्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत जे आहे त्याहून वेगळं मत मला असू शकत नाही: पोप हे चर्चचे मस्तक आहेत आणि सर्व ख्रिस्ती जनांनी त्यांचं ऐकायचं असतं. ही १८०६ ची प्रश्नोत्तरी सम्राटाची आज्ञा पाळायला शिकवण्यासाठी काढलेली होती. सम्राटानं पोपच्या राज्याचा विषय काढला, तेव्हा एमरी यांनी बोस्युए या फ्रेंच बिशपांचाच उतारा म्हणून दाखवला. चर्चच्या प्रमुखानं कुठल्याही एका राजाच्या मुठीत असू नये, असं त्यात होतं. तेव्हा युरोपात अनेक राजे होते, आता मी एकटा आहे, असं नेपोलियन म्हणाला. आजची स्थिती नेहमी टिकेलच असं नाही, असं एमरी यांनी नम्रपणे सांगितलं. बिशपांच्या परिषदेनं ठरवलं तर पोप ऐकतील का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं: नाही, कारण त्यात त्यांचा हक्कच संपेल.

म्हाताऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नये, अशी काही बिशपांनी नंतर रदबदली केली. नेपोलियननं त्यांना झटकलं. हा माणूस आपला विषय जाणून बोलला आणि मला असंच बोललेलं आवडतं, असं तो म्हणाला.

आबे मोरी तोवर कार्डिनल झाले होते. १८१० मध्ये नेपोलियननं त्यांना पॅरिसचे आर्चबिशप नेमलं. पोपची मान्यता नसताना त्यांनी कारभार हाती घेतला आणि पोपनी पत्र पाठवून मना केल्यावरही सोडला नाही. एमरी यांचा होकार ज्यांना १७९२ मध्ये खुपला होता, ते हेच. मोरींना मी लबाड म्हणणार नाही, त्यांनी क्रांतीच्या सभेत मोठं धैर्य दाखवलं होतं. पण त्यांचा विरोध एका राजवटीला होता, आणि आवडती राजवट आली तेव्हा हातात मोजपट्टी उरली नाही. एमरी यांची मोजपट्टी राजवटींवर अवलंबून नव्हतीच.

२८ एप्रिल १८११ ला एमरी वारले. १७ जूनला पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये बिशपांची परिषद भरली. पहिल्याच दिवशी बिशपांनी पोपच्या आज्ञापालनाची शपथ घेतली, आणि पोपच्या संमतीशिवाय ही परिषद बिशपांच्या मान्यतेचा निर्णय करू शकत नाही, असा निष्कर्ष तिच्या समितीनं काढला. जुलैत नेपोलियननं परिषद बरखास्त करून तीन बिशपांना व्हँसेनच्या किल्ल्यात कोंडलं. ऑगस्टमध्ये पुन्हा जमवलेल्या बिशपांनी दडपणाखाली सम्राटाला हवा तसा ठराव केला, पण त्यालाही पोपची मान्यता लागेल हे कलम त्यांनी काढू दिलं नाही.